डीएनए दुप्पट झाला, तरी गुणसूत्रं ४६च कशी?

तुमचे प्रश्न दोन आहेत. पहिला: पेशीचक्राच्या (आधी जी१, मग डीएनएच्या नकलेचा एस, मग जी२, शेवटी विभाजनाचा एम) एस टप्प्यात डीएनए दुप्पट होतो असं बीएस्सीच्या पुस्तकात आहे, मग जी२ मधल्या माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ९२ का नाहीत, ४६च का? दुसरा: दोन मीटरचा डीएनए केंद्रकात घट्ट गुंडाळलेला असतो, तर नक्कल करताना तो सगळा उलगडतो का, की गुंडाळलेला असतानाच नक्कल होते?

मी २२ वर्षं सायटोजेनेटिक्सच्या प्रयोगशाळेत काम करते आहे. रक्ताचं कल्चर लावायचं, पेशी विभाजनात पकडायच्या, गुणसूत्रं रंगवून मोजायची आणि तपासायची, हे रोजचं काम. नवीन येणारी जवळजवळ प्रत्येक मुलगी, प्रत्येक मुलगा पहिल्या महिन्यात हाच प्रश्न विचारतो. त्यात त्यांचा दोष नाही. संरचना एका प्रकरणात, पॅकेजिंग दुसऱ्यात आणि पेशीचक्र तिसऱ्यात शिकवलं, की या तीन गोष्टींचं वेळापत्रक एकच आहे हे कळायला वावच राहत नाही.

गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा एका चित्रात असतं. गुणसूत्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इंग्रजी एक्ससारखा आकार येतो. हे चित्र मेटाफेजचं, म्हणजे शाळेत शिकलेल्या मध्यावस्थेचं आहे. नक्कल आधीच पूर्ण झालेली आहे आणि बांधाबांधही सगळ्यात घट्ट आहे, अशा थोड्या वेळाचं ते चित्र. त्या एक्समध्ये डीएनएचे दोन संपूर्ण रेणू असतात, एका क्रोमॅटिडमध्ये, म्हणजे एक्सच्या एका उभ्या अर्ध्या भागात, एक. जी१ मधल्या गुणसूत्रात एकच रेणू असतो. तिथे एक्स नसतोच. पुस्तकं मात्र जी१ ची पेशी काढतानाही सवयीने एक्सच काढतात, आणि मग "हे आधीच दुप्पट आहे, तर आणखी दुप्पट होऊन काय होणार?" असा प्रश्न पडतो. तो पडणं अगदी रास्त आहे.

गुणसूत्रं मोजताना आपण सेंट्रोमिअरची, म्हणजे दोन्ही क्रोमॅटिड जिथे घट्ट जोडलेले असतात त्या कमरेची, जागा धरून मोजतो. नक्कल झाल्यावर दोन्ही क्रोमॅटिड कोहेसिन नावाच्या प्रथिनाने एकमेकांना बांधलेले राहतात. ही गाठ नंतर मारली जात नाही, नक्कल होत असतानाच बसते. अ‍ॅनाफेजमध्ये (क्रोमॅटिड दोन टोकांकडे निघतात तेव्हा) सेपरेज हे विकर ती कापेपर्यंत पेशी त्या जोडीला एकच वस्तू म्हणून वागवते, म्हणून आपणही एकच मोजतो. इथे एक कबूल करायला हवं. सेंट्रोमिअरमधल्या डीएनएचीही नक्कल एस टप्प्यात होते, त्यामुळे "सेंट्रोमिअर दुप्पट होत नाही" हे जे काही ठिकाणी लिहिलेलं असतं ते बरोबर नाही. दुप्पट होतो, पण सुटा होत नाही. ४६ की ९२ हा मोजणीच्या संकेताचा भाग आहे, आणि तो संकेत पेशीच्या वागण्यावरून ठरलेला आहे.

म्हणून दोन खाती वेगळी ठेवा. एक गुणसूत्रांच्या संख्येचं, त्याला एन म्हणतात. दुसरं डीएनएच्या प्रमाणाचं, त्याला सी म्हणतात. जी१ मध्ये २एन आणि २सी. एस संपला की २एन, पण ४सी. अ‍ॅनाफेजमध्ये गाठ सुटली की त्या एकाच पेशीत काही मिनिटं खरोखर ९२ गुणसूत्रं असतात, म्हणजे ४एन आणि ४सी. पेशी दुभंगली की प्रत्येकीत पुन्हा २एन, २सी. तुम्ही शोधत होतात ते ९२ आहेत, फक्त एसमध्ये नव्हे, अ‍ॅनाफेजमध्ये.

हे कशावरून? जी१ मधली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत, मग ती एकेरी आहेत हे कोणी पाहिलं? याचं उत्तर देणारा प्रयोग पदवीच्या पुस्तकांत फारसा येत नाही, म्हणून सविस्तर सांगते. १९७० साली पोटू राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी हेला पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या पेशी, एकमेकींना जोडल्या. विभाजनात असलेली पेशी विभाजनात नसलेल्या पेशीशी जोडली, की पहिलीतल्या द्रवातले घटक दुसरीच्या केंद्रकालाही बांधाबांध करायला लावतात. तयारी असो वा नसो, तिची गुणसूत्रं अवेळी आखडतात आणि दिसू लागतात. दुसरी पेशी जी१ मधली असेल तर लांब, बारीक, एकेरी धागे दिसतात. जी२ मधली असेल तर तसेच लांब, पण दुहेरी. आणि एस मधली असेल तर? गुणसूत्रांचा चुरा झाल्यासारखं दिसतं, तुकडे तुकडे. खरं तर चुरा झालेला नसतो. जिथे नक्कल चालू आहे तो भाग उघडा असल्यामुळे आखडू शकत नाही आणि रंगही नीट घेत नाही, म्हणून मधे मधे फटी दिसतात. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या फटींमध्ये आहे: नक्कल आणि घट्ट बांधणी एका जागी एकाच वेळी होऊ शकत नाही.

त्याच दोघांच्या कामात आणखी एक गोष्ट दिसली. एस मधली पेशी जी१ मधल्या पेशीला जोडली, तर जी१ चं केंद्रक लवकर नक्कल सुरू करतं. तीच पेशी जी२ मधल्या पेशीला जोडली, तर जी२ चं केंद्रक ढिम्म हलत नाही. त्याची नक्कल एकदा झालेली आहे आणि ते पुन्हा करणार नाही. एका चक्रात एकदाच, हा नियम पेशी कसा पाळते ते पुढे येतं.

आता गुंडाळण्याबद्दल. माणसाच्या द्विगुणित पेशीत सुमारे ६४० कोटी बेस जोड्या. दोन जोड्यांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर. गुणाकार केला की २.२ मीटर येतात. केंद्रकाचा व्यास धरा ६ मायक्रोमीटर. हे आकडे शेजारी ठेवून "बघा, किती दाबून भरलंय" असं सांगायची पद्धत आहे. पण लांबीऐवजी आकारमान काढून बघा. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर, म्हणजे २.२ मीटर धाग्याचं आकारमान जेमतेम ७ घन मायक्रोमीटर. ६ मायक्रोमीटर व्यासाच्या गोलाचं आकारमान ११३. नुसता डीएनए केंद्रकाची ६ टक्के जागा घेतो. जागेची अडचण वाटते तेवढी नाही. खरी अडचण गुंत्याची आहे. इतका लांब, इतका बारीक, ४६ तुकड्यांतला धागा न गुंतता ठेवायचा, हवं ते पान हवं तेव्हा उघडायचं आणि शेवटी दोन सारखे वाटे करायचे.

यातली पहिली पायरी न्यूक्लिओसोम. डीएनएचा कणा फॉस्फेटमुळे ऋणभारित, हिस्टोन प्रथिनं लायसिन आणि आर्जिनिनमुळे धनभारित. एच२ए, एच२बी, एच३, एच४ यांच्या प्रत्येकी दोन रेणूंचा गठ्ठा, आणि त्याभोवती १४७ बेस जोड्यांचे जवळपास पावणेदोन वेढे. मधल्या जोडधाग्यासकट दर २०० जोड्यांमागे एक न्यूक्लिओसोम धरला, तर पेशीत ते सुमारे ३ कोटी होतात. ही बांधणी जवळपास कायमची, चक्राच्या सगळ्या टप्प्यांत.

त्यापुढे पुस्तकात ३० नॅनोमीटरचा तंतू येतो. परीक्षेत विचारला तर लिहा, पण तो प्रामुख्याने पेशीबाहेर काढलेल्या क्रोमॅटिनमध्ये (डीएनए आणि त्याला बांधणारी प्रथिनं मिळून क्रोमॅटिन) दिसलेला आहे हे लक्षात ठेवा. २०१७ साली अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमधल्या गटाने माणसाच्या पेशीतलं क्रोमॅटिन जागच्या जागी पाहिलं. तेव्हा ५ ते २४ नॅनोमीटर जाडीची वेडीवाकडी साखळी दिसली. नेटका ३० नॅनोमीटरचा तंतू दिसला नाही, मेटाफेजमध्येसुद्धा नाही. त्यामुळे ११, ३०, ३००, ७०० अशी जिन्याच्या पायऱ्यांसारखी आकृती मी आता शिकवत नाही. न्यूक्लिओसोमची साखळी, तिचे कोहेसिनने धरलेले फासे, आणि विभाजनाच्या वेळी कंडेन्सिन या दुसऱ्या प्रथिनाने घातलेले दाट फासे, एवढं पुरेसं आहे.

आता नक्कल. पुण्यातल्या पेशवे दप्तरात जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. एखाद्या प्रकरणाची नक्कल हवी असेल तर सगळे रुमाल सोडून कोणी जमिनीवर पसरत नाही. हवा तो रुमाल सोडायचा, कागद उतरवून घ्यायचा, दोन्ही प्रती बांधून ठेवायच्या आणि पुढच्या रुमालाकडे वळायचं. पेशी हेच करते. नक्कल जिथे चालू आहे त्या फाट्याच्या, म्हणजे दोन धागे विलग होतात त्या जागेच्या, अगदी पुढचे एक-दोन न्यूक्लिओसोम सुटतात आणि फाटा पुढे सरकला की मागे लगेच पुन्हा बांधले जातात. जुने हिस्टोन दोन्ही प्रतींत वाटले जातात, उरलेली जागा नवे भरतात. म्हणजे आठेक तासांच्या एस टप्प्यात पेशीला आणखी ३ कोटी न्यूक्लिओसोमचं सामान तयार करावं लागतं, सुमारे २४ कोटी हिस्टोन रेणू. म्हणूनच मुख्य हिस्टोन एस टप्प्यातच भरमसाट बनतात. बांधणी आणि नक्कल ही दोन वेगळी कामं नाहीत, याचा याहून उघड पुरावा मला माहीत नाही.

फाट्यावर काय होतं ते तुम्ही वाचलेलं असणार: दोन धागे उलट दिशांचे, पॉलिमरेज एकाच दिशेने लिहितं, म्हणून एक प्रत सलग आणि दुसरी छोट्या छोट्या, ओकाझाकी म्हणतात त्या तुकड्यांत. एवढंच जोडते की जिवाणूंमध्ये हे तुकडे १००० ते २००० न्यूक्लिओटाइडचे असतात आणि आपल्याकडे १०० ते २००. एका न्यूक्लिओसोमच्या मापाचे! मागे न्यूक्लिओसोम बांधला जातो आणि तुकड्याची लांबी त्यावरून ठरते, असं यीस्टमधल्या कामातून दिसलं आहे.

वेळेचं गणित मात्र करून बघा. पहिल्या गुणसूत्रात सुमारे २४ कोटी ९० लाख बेस जोड्या. आपल्या पेशीत एक फाटा सेकंदाला ५० जोड्या उतरवतो असं धरा. एकाच जागी सुरुवात करून दोन्ही बाजूंना दोन फाटे धावले, तर या एका गुणसूत्राला जवळजवळ २९ दिवस लागतील. पेशी ते आठ तासांत करते, कारण पूर्ण जीनोमभर नक्कल हजारो ठिकाणी सुरू होते. सगळीकडे एकदम नाही. जनुकांनी भरलेले, मोकळे भाग आधी, हेटेरोक्रोमॅटिन, म्हणजे कायम घट्ट बांधलेले भाग, नंतर, स्त्रियांच्या पेशीतलं निष्क्रिय एक्स गुणसूत्र तर खूप उशिरा. जी-बँडिंगमध्ये, म्हणजे गुणसूत्रांवर पट्टे उमटवणाऱ्या रंगवण्याच्या पद्धतीत, आम्हाला जे गडद पट्टे दिसतात, ते साधारणपणे उशिरा नक्कल होणारे भाग असतात.

हजारो ठिकाणी सुरुवात, तर एखादी जागा चुकून दोनदा कशी सुरू होत नाही? जी१ मध्येच प्रत्येक संभाव्य जागेवर एमसीएम प्रथिनांचं कडं चढवून ठेवलं जातं, परवाना दिल्यासारखं. एस मध्ये सीडीके ही विकरं तो परवाना वापरायला लावतात, आणि तीच सीडीके जेमिनिन या प्रथिनाच्या जोडीने नवा परवाना मिळू देत नाहीत. परवाना वाटायची वेळ आणि वापरायची वेळ कधीच एकत्र येत नाही. राव आणि जॉन्सन यांचं जी२ चं केंद्रक ढिम्म का राहिलं, ते आता लक्षात येईल.

नक्कल उरकली की वाटणीसाठी बांधाबांध. पहिल्या गुणसूत्राच्या एका क्रोमॅटिडमधला डीएनए सरळ केला तर साडेआठ सेंटिमीटर भरेल. मेटाफेजमध्ये त्याची लांबी १० मायक्रोमीटरच्या आसपास येते. ही आखडण्याची क्रिया हळूहळू होते, हे मी स्वतःच्या हातांनी रोज बघते. कल्चरमध्ये शेवटी कोल्सेमिड घालतो, त्याने स्पिंडलचे तंतू बनत नाहीत आणि पेशी मेटाफेजला अडकतात. ते जास्त वेळ राहिलं तर गुणसूत्रं आणखी आखडतात, बुटकी आणि जाड होतात, पट्टे एकमेकांत मिसळतात. शिकाऊ असताना एका संध्याकाळी माझ्या हातून कोल्सेमिडची वेळ दुप्पट झाली आणि ती स्लाइड मोजायला चालली, पण वाचायला चालली नाही. मूल होण्याची वाट बघणाऱ्या एका जोडप्याला त्यामुळे पुन्हा रक्त द्यायला यावं लागलं. तेव्हापासून घड्याळ मी दुसऱ्याच्या भरवशावर ठेवत नाही.

अर्धसंरक्षक नक्कल, म्हणजे प्रत्येक प्रतीत एक जुना धागा आणि एक नवा, ही तुम्ही मेसेल्सन आणि स्टाल यांच्या १९५८ च्या प्रयोगातून शिकला असाल. गुणसूत्रांच्या पातळीवर तीच गोष्ट १९५७ साली हर्बर्ट टेलर आणि सहकाऱ्यांनी व्हिशिया फाबा या शेंगवर्गीय वनस्पतीच्या मुळांत किरणोत्सारी थायमिडिन देऊन दाखवली होती. आम्ही ती ब्रोमोडीऑक्सियुरिडिन वापरून बघतो. हे थायमिडिनच्या जागी बसतं, उजेडाला नाजूक असतं, म्हणून कल्चरच्या बाटल्या अ‍ॅल्युमिनिअमच्या कागदात गुंडाळून ठेवायच्या. पेशींची दोन चक्रं होऊ द्यायची. मग हेक्स्ट हा रंग, उजेड आणि गिम्सा हा दुसरा रंग. शंभरपट लेन्सखाली तेलाचा थेंब टाकून बघितलं, की प्रत्येक गुणसूत्राचा एक क्रोमॅटिड गडद जांभळा आणि त्याला चिकटलेला दुसरा फिका. गडदात एक धागा अजून मूळचा, फिक्यात दोन्ही धागे नवे. मधेच एखाद्या ठिकाणी गडद आणि फिका बाजू बदलतात, तिथे बहिणी-क्रोमॅटिडमध्ये देवघेव झालेली असते. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बराच वेळ खुर्चीवरून उठले नव्हते. ज्या गोष्टीवर परीक्षेत पाच गुणांचं उत्तर लिहिलं होतं, ती डोळ्यांपुढे रंगलेली होती.

हे सगळं नुसतं मोजणीचं शास्त्र आहे असं वाटू नये म्हणून एक व्यवहारातली गोष्ट. किरणोत्साराने जी१ किंवा जी० (चक्राबाहेरची विश्रांतीची अवस्था) मध्ये गुणसूत्र तुटलं, तर तुटलेल्याचीच नक्कल होते आणि मेटाफेजमध्ये दोन्ही क्रोमॅटिड एकाच जागी तुटलेले दिसतात. जी२ मध्ये तुटलं तर बहुधा एकच क्रोमॅटिड तुटलेला असतो. म्हणजे स्लाइड पाहून इजा नक्कल होण्याआधीची की नंतरची, हे ठरवता येतं. एखाद्या माणसाला किती मात्रा बसली असावी, याचा रक्तावरून अंदाज बांधताना हाच विचार कामी येतो. पेशी पहिल्याच विभाजनात पकडायच्या असतात, म्हणून ते कल्चर आमच्या नेहमीच्या ७२ तासांऐवजी ४८ तासांचं असतं.

परिस्थितीनुसार बदलणाऱ्या गोष्टीही आहेत. जी१ अकरा तास, एस आठ, जी२ चार, एम एक हे आकडे माणसाच्या कल्चरमधल्या झपाट्याने वाढणाऱ्या पेशीचे; शरीरातल्या कित्येक पेशी वर्षानुवर्षं जी० मध्येच असतात. ड्रोसोफिला या फळमाशीच्या कोवळ्या भ्रूणात जी१, जी२ नसतातच, केंद्रकांचं एक चक्र सुरुवातीला ८-९ मिनिटांत उरकतं. त्याच माशीच्या अळीच्या लाळग्रंथीत विभाजनाशिवाय नक्कल होत राहते आणि हजाराच्या घरात धागे शेजारी शेजारी चिकटून राहतात. आमच्या कल्चरमध्येही मधूनच ९२ गुणसूत्रांची चौगुणित पेशी सापडते. आणि अर्धसूत्री विभाजनाच्या पहिल्या फेरीत सेंट्रोमिअरजवळची गाठ सुटतच नाही, त्यामुळे तिथे वरचं खातं जसंच्या तसं लावू नका.

तुमच्याकडे कांद्याच्या मुळांचं प्रात्यक्षिक होतच असेल. कांद्यात २एन म्हणजे १६. मुळांची टोकं सकाळी कापून आम्लमिश्रित अल्कोहोलमध्ये टाका, अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये रंगवा, हलकेच दाबा. बहुतेक पेशींत नुसतं भरीव केंद्रक दिसेल. त्यातली कोणती जी१ आणि कोणती जी२ हे नजरेने सांगता येणार नाही, दोन्हींत १६च आहेत. एखादी चांगली पसरलेली मेटाफेज मिळाली तर १६ दुहेरी गुणसूत्रं मोजा. मग अ‍ॅनाफेजची पेशी शोधा, एका टोकाला निघालेले धागे मोजा, दुसऱ्या टोकाचे मोजा. १६ आणि १६. प्रत्येक धागा एकेरी असेल.